जागा मिळाली, राहायचे कोठे?

जून महिना उजाडला की ठाणे आणि पनवेल येथील तहसील कचेऱ्यांत एका कागदाला अचानक मोल चढते. 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र' असे त्याचे भारदस्त नाव. एरवी वर्षभर ज्याची कोणास आठवण होत नाही, तो कागद अभियांत्रिकीच्या प्रवेशाचे वेळापत्रक जाहीर होताच घरोघरी शोधला जाऊ लागतो. नवी मुंबई हे दोन जिल्ह्यांत वाटले गेलेले शहर आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. त्यामुळे कोणी कोणत्या कचेरीत जायचे येथपासूनच विचारपूस सुरू होते. शाळा सोडल्याचा दाखला, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे, शिधापत्रिका, वीजबिले यांची जुळवाजुळव होते. मुलाला गणित किती येते हा प्रश्न नंतरचा. तो कोठला, हा पहिला.

हा पहिला प्रश्न विचारणे गैर आहे, असे म्हणता येणार नाही. राज्याने आपल्या तिजोरीतून उभ्या केलेल्या संस्थांत राज्यातील मुलांना अग्रक्रम मिळावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नाच्या पाठोपाठ येणारा दुसरा एक प्रश्न आपल्याकडे कोणीच गंभीरपणे विचारीत नाही. बाहेरून आलेल्या मुलाला, मग तो परराज्यातला असो की परजिल्ह्यातला, प्रवेश मिळाल्यावर तो राहणार कोठे? मराठीत 'जागा' या शब्दाचे दोन अर्थ होतात, महाविद्यालयातली आणि राहण्याची. पहिल्या जागेसाठी कायदे, निवाडे, परीक्षा आणि याद्या आहेत. दुसरी जागा मात्र ज्याने त्याने दलालाला गाठून शोधायची आहे.

आपला कोण, बाहेरचा कोण

महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात राज्यातील उमेदवारांचे 'ए' पासून 'ई' पर्यंत पाच प्रकार केलेले आहेत. दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेला आणि येथे जन्मलेला वा येथील अधिवास असलेला विद्यार्थी पहिल्या प्रकारात मोडतो. स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा अधिवास असलेल्यांचा दुसरा प्रकार. केंद्र सरकारच्या आणि राज्य सरकारच्या सेवेतील कर्मचाऱ्यांच्या मुलांचे तिसरा व चौथा. पाचवा प्रकार सीमाभागातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांचा. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, त्या टापूतील मुलांसाठी हा दरवाजा उघडा ठेवलेला आहे.

या पाच प्रकारांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मातृभाषेचा प्रश्न फक्त पाचव्या प्रकारात येतो. वाशीत जन्मलेल्या, वाशीतच शिकलेल्या मल्याळी वा तमिळ कुटुंबातील मुलाला आपली मातृभाषा कोणती हे सांगावे लागत नाही; तो महाराष्ट्राचा. उलट इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे दोन-तीन पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरातील मुलगा, घरात कितीही शुद्ध मराठी बोलत असला तरी, येथे परराज्यातला ठरतो. भावनेला हे बोचते. पण कायद्याची ही दिशा योग्यच म्हटली पाहिजे. राज्याशी नाते भाषेने किंवा कुळाने न ठरता वास्तव्याने ठरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच मान्य केले होते. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाच्या मध्यभारतातील रहिवाशांना माफ असलेले शुल्क बाहेरच्यांकडून घेतले जाई. त्यावर डी. पी. जोशी खटला झाला. घटनेने जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे, वास्तव्यावरून नव्हे, असा बहुमताचा निर्णय लागला आणि तो नियम टिकला.

पुढे १९८४ च्या प्रदीप जैन निवाड्यात न्यायमूर्ती भगवती यांनी 'अधिवास' या शब्दाच्याच मुळावर बोट ठेवले. भारतात राज्यागणिक वेगळा अधिवास नाही. अधिवास एकच, भारताचा. प्रवेशनियमांत हा शब्द निष्कारण घुसला आहे, असा त्या निकालाचा आशय होता. राज्यातील रहिवाशांसाठी सरसकट सर्व वैद्यकीय जागा राखून ठेवता येणार नाहीत, काही वाटा देशभराच्या गुणवत्तेस खुला ठेवलाच पाहिजे, हेही त्यातच ठरले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात वास्तव्यावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरविले, ते याच विचारधारेला धरून. तरीही तहसील कचेरीतल्या कागदावर 'अधिवास' हा शब्द आहे तेथेच आहे.

अभियांत्रिकीत परराज्यातल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्राचा जो मुख्य दरवाजा उघडा आहे, तो खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांतील अखिल भारतीय पंधरा टक्के जागांचा. या जागा 'जेईई मेन'च्या गुणानुक्रमाने भरल्या जातात, आणि त्यांवर महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनाही हक्क सांगता येतो. म्हणजे पंधरा टक्के ही बाहेरच्यांसाठी राखलेली रक्कम नसून सर्वांसाठी खुले ठेवलेले मैदान आहे. शिवाय परराज्यातील मागासवर्गीय विद्यार्थी सीमा ओलांडताच खुल्या प्रवर्गात गणला जातो आणि राज्याच्या शुल्क-सवलतींनाही मुकतो. बाहेरच्यांनी आपल्या जागा पळविल्या, अशी ओरड अधूनमधून होते. तिच्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिलेले बरे.

एकेकाळी आपणच बाहेरचे होतो

या ओरडीचा विचार करताना आणखी एक आठवण ताजी ठेवली पाहिजे. १९८३ पूर्वी अभियांत्रिकीच्या जागांसाठी परमुलखात जाणारे विद्यार्थी बहुसंख्येने आपलेच होते. पुण्याचे १८५४ चे अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईची १८८७ ची व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद अशा मोजक्या संस्थांवर महाराष्ट्राची भिस्त होती. त्यांत ज्यांची वर्णी लागत नसे आणि ज्यांच्या वडिलांच्या गाठी पैसा असे, ते कर्नाटकातील देणगी घेणाऱ्या महाविद्यालयांची वाट धरीत. मराठी पालकांचा पैसा शेजारच्या राज्यात वाहून जातो आहे, हा युक्तिवाद तेव्हा जोराने मांडला गेला. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर तंत्रशिक्षणाच्या संस्थांना परवानगी दिली, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

परक्या राज्यातल्या विद्यार्थ्याची किंमत उघडपणे कशी ठरविली जाते, याचा लेखी पुरावा कर्नाटकाच्याच १९८९ च्या अधिसूचनेत सापडतो. खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेवरील विद्यार्थ्यास वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातील इतर विद्यार्थ्यांस २५,००० रुपयांपर्यंत आणि कर्नाटकाबाहेरच्यास ६०,००० रुपयांपर्यंत शुल्क, असे तीन दर तिने ठरविले होते. बाहेरचा असणे म्हणजे तीसपट शुल्क! १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याला देणगीचेच दुसरे नाव ठरवून ते रद्द केले. त्यानंतर १९९३ चा उन्नीकृष्णन, २००२ चा टी. एम. ए. पै आणि २००५ चा इनामदार अशा निवाड्यांतून आजची पद्धती घडत आली. महाराष्ट्रानेही देणगीबंदीचा १९८७ चा आणि प्रवेश व शुल्क यांच्या नियमनाचा २०१५ चा असे दोन कायदे केले. म्हणजे प्रवेशाच्या जागेवर गेल्या चार दशकांत देशाने पुष्कळ विचार खर्च केला आहे.

हा विचार राहण्याच्या जागेपर्यंत मात्र पोहोचला नाही. तो का पोहोचला नाही, याचे उत्तर १९८३ च्या वळणावरच सापडते.

जेव्हा खाट आणि बाक एकच होते

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीने ज्या तंत्रशिक्षणसंस्था उभारल्या, त्यांत प्रवेश आणि निवास यांची फारकत केलेली नव्हती. पवईची आय. आय. टी. १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा ३,४०० हून अधिक अर्जांतून १०० विद्यार्थी निवडले गेले. पहिले वर्ग पवईत इमारती नसल्यामुळे वरळीला भरले. तरीही ही संस्था निवासी असणार, हे पहिल्यापासून ठरलेले होते. कोणत्याही राज्याचा कोटा तेथे तेव्हा नव्हता आणि आजही नाही. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून मुलगा आला तरी प्रवेशपत्राबरोबर त्याला एक खाट, एक टेबल आणि खानावळीतले एक ताट मिळणार, हे गृहीत होते.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात आखलेल्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांची कल्पना तर याहूनही बोलकी होती. केंद्र व राज्य यांनी मिळून ती चालवायची आणि अर्ध्या जागा त्या राज्याच्या, तर अर्ध्या इतर राज्यांच्या विद्यार्थ्यांना द्यायच्या. नागपूरचे १९६० चे विश्वेश्वरय्या महाविद्यालय हे त्यांतलेच. २००२ पासून त्यास राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा आहे. भंडाऱ्याचा मुलगा आणि बिहारचा मुलगा चार वर्षे एका वसतिगृहात राहतील, एकाच पंक्तीत जेवतील आणि आपापल्या प्रांतात परततील तेव्हा देश अधिक ओळखीचा झालेला असेल, अशी ती दृष्टी होती. राष्ट्रीय एकात्मतेवर पुढे जी भाषणे झाली, त्या सर्वांपेक्षा या खानावळींनी अधिक काम केले असेल.

निम्म्या-निम्म्या वाटणीची ही रीत आजही कायम आहे. तिच्यात दोन गाठी मात्र पडल्या आहेत. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत विद्यार्थ्याचे 'गृहराज्य' तो बारावी कोठून उत्तीर्ण झाला यावरून ठरते. नेरूळचा मुलगा शिकवणीसाठी कोट्याला गेला आणि तेथल्याच शाळेतून बारावी झाला, तर त्याचे गृहराज्य राजस्थान ठरते. नागपूरच्या संस्थेत तो परराज्यातल्यांच्या यादीत जातो, जयपूरच्या संस्थेत घरच्यांच्या! अकरावीत शाळा निवडताना किती पालकांना या नियमाची कल्पना असते? दुसरी गाठ लोकसंख्येची. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची वस्ती ११ कोटी २३ लाखांवर, तर गोव्याची १४ लाख ५८ हजार. संस्था दोघांच्या वाट्याला एकेकच आली आहे. अर्ध्या जागा घरच्यांना, हे सूत्र कागदावर समान असले तरी त्या जागांवर हक्क सांगणाऱ्यांची संख्या समान नाही.

या उणिवा असूनही त्या संस्थांत एक गोष्ट शाबूत राहिली. जो आत आला त्याला छप्पर मिळाले. १९८३ नंतरच्या विस्तारात हा दुवा तुटला. नव्या महाविद्यालयांना मान्यता देताना वर्गखोल्या किती, प्रयोगशाळा किती, ग्रंथालयात पुस्तके किती, शिक्षक किती याची मोजणी झाली. किती मुले बाहेरगावाहून येतील आणि त्यांपैकी किती जणांची सोय संस्था करील, हा मुद्दा मोजणीच्या मध्यभागी कधी आलाच नाही. जागा वाढत गेल्या. खाटा मागे राहिल्या.

नवे शहर, जुनी गावठाणे

नवी मुंबई हे या विस्ताराचे ठळक उदाहरण होय. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी निश्चित झाल्या. शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने भूखंड देण्याचे धोरण होते. नेरूळला १९८३ मध्ये रामराव आदिक तंत्रज्ञान संस्था आली, ऐरोलीला १९८८ मध्ये दत्ता मेघे महाविद्यालय, नेरूळलाच १९९१ मध्ये तेरणा, तर १९९४ मध्ये वाशीला फादर सी. रॉड्रिग्ज संस्था व कोपरखैरणेला लोकमान्य टिळक महाविद्यालय. पुढे खारघर आणि नवीन पनवेलपर्यंत ही रांग वाढली. १९९२ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आल्यावर मुंबईच्या मुलांना हे शहर जवळचे झाले. बीड, लातूर, जळगाव, सोलापूर येथून येणाऱ्यांना मात्र रोज परत जाण्यासाठी कोणतीच लोकल नव्हती.

ही मुले राहतात कोठे? सिडकोने आखलेल्या सेक्टरांतील सोसायट्यांत 'बॅचलर' म्हटले की दार अर्धवट उघडते. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलाली आणि सोसायटीची ना हरकत यांचा मेळ घालणे अठरा वर्षांच्या मुलाला जमणारे नसते. त्यामुळे तिघे-चौघे मिळून एक खोली घेतात, किंवा 'कॉट बेसिस'वर एका खाटेचे भाडे भरतात. आणि बहुधा ही खोली मूळ गावठाणात असते. शिरवणे, सारसोळे, दारावे, कोपरी, घणसोली या आगरी-कोळी गावांत भूमिपुत्रांनी वाढत्या कुटुंबांसाठी जी घरे उठविली, त्यांना सरकारी भाषेत 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. त्यांच्या नियमितीकरणाचा वाद अनेक वर्षे रेंगाळला. या शहरासाठी ज्यांनी आपली शेते आणि मिठागरे गमावली आणि १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उरणच्या आंदोलनात ज्यांची पाच माणसे गोळीबारात पडली, त्याच समाजाच्या अनधिकृत ठरविलेल्या घरांनी शहरातल्या भावी अभियंत्यांना आश्रय दिला आहे. नियोजनाने जे करावयाचे राहिले ते गावठाणांनी केले. त्याबद्दल गावठाणांचे आभार मानावेत. पण नियोजनाचे पाप त्यामुळे धुऊन निघत नाही. अरुंद गल्ल्या, एकच जिना, वाऱ्यास बंद खिडक्या यांत आगीची वा आजाराची वेळ आली तर जबाबदार कोण, याचे उत्तर महाविद्यालयाकडे नसते आणि पालिकेकडेही नसते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगला, स्वागतार्ह. परंतु समजा, माढ्याच्या एका लिपिकाच्या मुलीला नेरूळला संगणक शाखा मिळाली. तिचे शुल्क माफ झाले. खोलीचे भाडे, डबा आणि प्रवास माफ झाला नाही. शिवाय ती कोठे आणि कोणाच्या शेजारी राहील, या काळजीचे ओझे कोणत्याही शासननिर्णयाने हलके होत नाही. मग घरात निर्णय होतो: गावाजवळचे महाविद्यालय बरे. गुणवत्ता यादीने जे दार उघडले ते वसतिगृहाच्या अभावाने बंद होते, आणि याची नोंद कोठेही होत नाही. प्रवेश नाकारल्याची आकडेवारी असते. प्रवेश न घेतल्याच्या कारणांची नसते.

पहिल्या क्रमांकाची खोली

ज्या संस्थांत वसतिगृहे आहेत तेथेही एक मूलभूत प्रश्न उरतो. अपुऱ्या खोल्या कोणाला द्यायच्या? प्रचलित रीत बहुतेक ठिकाणी गुणानुक्रमाची. आरक्षणाचे नियम पाळून यादी लावायची आणि वरून खाली खोल्या वाटायच्या. ही रीत निःपक्षपाती दिसते, वशिल्याला वाव ठेवीत नाही, म्हणून ती सर्वांच्या पचनी पडली आहे. परंतु राज्याच्या सामाईक परीक्षेचे पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत मोजले जातात. कागदावर क्रम लावण्यास तो सातवा आकडा उपयोगी आहे. एका मुलाने स्वस्त खोलीत झोपावे आणि दुसऱ्याने तिप्पट भाड्याच्या खाटेवर, हे ठरविण्याइतके वजन त्याला कोणी दिले? पहिल्या मुलाचे घर कल्याणला असेल आणि दुसऱ्याचे गडचिरोलीला, तर हा न्याय अधिकच विचित्र होतो.

अमेरिकेत हा विचार निराळ्या टोकाला गेलेला दिसतो. तेथील काही सार्वजनिक विद्यापीठांत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांवर स्पष्ट मर्यादा आहे. नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ पासून ती अठरा टक्के ठेवली. टेक्ससने १९९७ च्या कायद्याने राज्यातील प्रत्येक शाळेच्या पहिल्या दहा टक्के मुलांना प्रवेशाची हमी दिली. त्याचबरोबर अनेक विद्यापीठांत निवडक गुणवंतांसाठी वेगळे अभ्यासक्रम आणि वेगळी वसतिगृहेही असतात. अभ्यासाला पोषक शेजार मिळतो, प्राध्यापकांचा सहवास घडतो, असे त्याचे समर्थन केले जाते आणि त्यात तथ्यही आहे. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना आज हे शब्द परिचयाचे झाले आहेत. मुलगा राज्यातला की बाहेरचा यावर शुल्काचा आकडा कसा बदलतो, ते त्यांना सांगावे लागत नाही. पण तेथे गुणवंतांची वेगळी खोली ही सर्वांना खोली मिळाल्यानंतरची वरची पायरी असते. आपण मूळ पायरीच बक्षीस म्हणून वाटीत आहोत.

महाराष्ट्राची स्वतःची परंपरा याहून वेगळी आणि शहाणपणाची होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. खेड्यातला मुलगा शाळेपर्यंत पोहोचत नाही तो बुद्धी कमी म्हणून नव्हे, शहरात त्याला पाठ टेकायला जागा नाही म्हणून, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले ते सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळाले. पुण्यात १९०९ चे विद्यार्थी गृह आणि अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापलेली विद्यार्थी सहाय्यक समिती यांनी हाच वसा चालविला. या सर्वांनी खोली देताना गरज पाहिली आणि खोली दिल्यावर गुणांची अपेक्षा ठेवली. आज हा क्रम उलटला आहे.

भत्ते आणि वास्तव

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये 'स्वाधार' योजना आली. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी तिने वर्षाला ६०,००० रुपये ठरविले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. योजनेमागचा हेतू निःसंशय चांगला. पण हिशेब मांडला तर भोजनाचे दिवसाला ८८ रुपये होतात आणि निवासाचे महिन्याला १,६६७. नेरूळ किंवा सानपाड्यात या रकमेत खोली तर राहोच, एक खाटही मिळणे कठीण. शिवाय असे भत्ते पुष्कळदा सत्र सुरू झाल्यावर बऱ्याच काळाने हाती पडतात. घरमालक मात्र भाडे पहिल्या तारखेला मागतो.

विद्यार्थ्याची खाट हे घर आहे की व्यवसाय, याविषयी शासनयंत्रणेचाच किती गोंधळ होता, हे वस्तू व सेवा कराच्या प्रकरणात दिसले. खाजगी वसतिगृहांच्या भाड्यावर कर लागू आहे, असे मत काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी दिले होते. अखेर जून २०२४ मध्ये परिषदेने, सलग नव्वद दिवस राहणाऱ्याचे महिना २०,००० रुपयांपर्यंतचे भाडे करमुक्त करण्याची शिफारस केली. ज्या प्रश्नाचे उत्तर शहाण्या माणसाने क्षणात दिले असते, तो सुटायला इतकी वर्षे लागली.

काय करता येईल?

पहिली गोष्ट खर्चाची नाही. सामाईक प्रवेशाच्या वेळी प्रत्येक महाविद्यालयाच्या शाखा, जागा आणि शुल्क जाहीर होते. त्याच तक्त्यात वसतिगृहातील मुलांच्या व मुलींच्या खाटांची संख्या, त्यांचे वार्षिक शुल्क आणि वाटपाचा नियम छापण्याची सक्ती करावी. पसंतीक्रम भरताना पालकाला शाखेबरोबर छपराचीही माहिती मिळेल, आणि ज्या संस्थेच्या रकान्यात शून्य असेल तिला ते शून्य बोचू लागेल.

दुसरी गोष्ट वाटपाच्या नियमाची. खोल्यांचा मोठा हिस्सा अंतर आणि उत्पन्न या दोन कसोट्यांवर द्यावा. परराज्यातून आलेल्यालाही अंतराची कसोटी सारखीच लागू व्हावी. जो आत आला तो आपला. उरलेला लहान हिस्सा गुणवत्तेसाठी ठेवण्यास हरकत नाही, किंबहुना तो ठेवावाच. मात्र तो पहिल्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेवर न देता महाविद्यालयातील प्रत्यक्ष कामगिरीवर, दुसऱ्या वर्षापासून द्यावा.

तिसरी गोष्ट जमिनीची. सार्वजनिक जमीन सवलतीने घेणाऱ्या संस्थेने विशिष्ट मुदतीत विशिष्ट संख्येच्या खाटा उभाराव्यात, अशी अट यापुढील प्रत्येक करारात असावी. हा मुद्दा आज तातडीचा झाला आहे. जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना महाराष्ट्रात येण्याची इरादापत्रे देण्यात आली आणि नवी मुंबईत शिक्षणनगरी उभी करण्याचा संकल्प जाहीर झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये येथील विमानतळाचे उद्घाटनही झाले. म्हणजे बाहेरून येणाऱ्यांचा ओघ वाढणार आणि खोल्यांचे भाडेही वाढणार. १९८३ मध्ये जी चूक घाईत झाली, ती आता जाणूनबुजून करण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट गावठाणांची. तेथील खोल्या बेकायदा म्हणून पाडण्याच्या धमक्यांपेक्षा, ज्या सुरक्षित आहेत किंवा करता येतील त्यांची पालिकेकडे नोंदणी व्हावी, अग्निसुरक्षेची तपासणी व्हावी आणि महाविद्यालयांनी ही यादी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. भूमिपुत्राला प्रतिष्ठेचे उत्पन्न आणि विद्यार्थ्याला निर्धोक आसरा, असा दुहेरी लाभ त्यात आहे. आणि भत्त्यांच्या रकमा शहरातल्या भाड्याशी जोडून सत्रारंभी देण्याची व्यवस्था झाली, तर या योजनांना अर्थ येईल.

यावर एक आक्षेप हमखास येईल. विनाअनुदानित संस्थेने खाटांचा खर्च कोठून करावा? तो शेवटी शुल्कातूनच वसूल होणार. आक्षेप खोटा नाही. पण तो खर्च आजही होतोच आहे. फक्त तो प्रत्येक पालक एकटा, भाव करण्याची कसलीही ताकद नसताना, दलालाच्या अटींवर करतो आहे. जो खर्च टळत नाही तो सामुदायिक रीतीने आणि उघड हिशेबाने केला, तर कमी होतो, हा सहकाराचा धडा महाराष्ट्राला नवा नाही.

दुसरा आक्षेप असा की, परराज्यातल्या मुलांची सोय महाराष्ट्राने का पाहावी? त्याला उत्तर इतिहासच देतो. कर्नाटकात तीन दरांच्या शुल्काने ज्यांना परके ठरविले, त्यांत महाराष्ट्रातून गेलेली मुलेही असणारच. आणि वसतिगृहाच्या दारात उभी असलेली बहुसंख्य मुले आजही परराज्यातली नसून परभणीची, नंदुरबारची, सिंधुदुर्गाची आहेत. बाहेरच्यासाठी जी व्यवस्था कराल तिचा पहिला लाभ त्यांना होईल.

अधिवासाचा कागद तपासणारे राज्य तो कागद धारण करणाऱ्याविषयी काही जबाबदारीही पत्करते, असे मानले पाहिजे. तू येथला आहेस, म्हणून तुला जागा देतो, एवढे म्हणून त्याचे काम संपत नाही. पुढच्या प्रवेशाचे वेळापत्रक जाहीर होण्यापूर्वी निदान खाटांचा तो एक रकाना तक्त्यात आला, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल. त्यासाठी ना नवा कायदा हवा, ना नवे अनुदान; तंत्रशिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरे.